चार फोटो आणि चोवीस खोकी

जळगाव स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचे आठसुद्धा वाजले नव्हते, पण फलाटाच्या टोकाचा लोखंडी बाक तापलेला होता. मी त्यावर टेकलो आणि लगेच उठलो. समोरून नाना हसत येत होते. त्यांनी खांद्यावरचा पांढरा रुमाल काढून माझ्या डोक्याला गुंडाळला.

"सर, इकडं आधी डोकं झाकायचं, मंग राम राम."

नाना सावद्याचे केळीचे व्यापारी. त्यांचा मुलगा सांगलीला आमच्या वरच्या खोलीत राहून शिकला, तेव्हापासूनचा घरोबा. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून त्यांच्या लेखी जगातल्या प्रत्येक वायरचं मला कळतं. हा समज मी कधी खोडून काढला नाही, ही माझी जुनी खोड.

या खेपेचं निमित्त जरा वेगळं होतं. नानांच्या शेडमध्ये केळीच्या फण्या धुऊन खोक्यांत भरायला चोवीस बायका येतात. आखाजी (अक्षय तृतीया, खानदेशात लेकींनी माहेरी येण्याचा मोठा सण) आठ दिवसांवर आली होती. ज्यांच्या लेकी लांब दिल्या आहेत, त्यांना निदान चेहरा दिसेल असा फोन हवा होता. नानांनी भर शेडमध्ये शब्द दिला होता, की आखाजीच्या आत प्रत्येकीच्या हातात फोन देईन. नंतर त्यांना एक ऑनलाइन लिलाव सापडला. गिऱ्हाइकांनी परत केलेला माल तिथे गठ्ठ्याने विकतात, आणि त्यात नेमके चोवीस फोन एकत्र होते. बोली लावण्याआधी नानांनी चार फोटो मला पाठवले. मी तास चालू असताना वर्गाकडे पाठ करून ते पाहिले आणि उत्तर दिलं, "माल चांगला दिसतोय."

एवढ्यावर नानांनी बोली लावली आणि गठ्ठा त्यांना सुटला. आता तो सोनगीरजवळच्या गोदामातून उचलून आणायचा होता. "तुमी संगं असले म्हंजे बरं," असं ते फोनवर म्हणाले, म्हणून मी आलो होतो.

नानांच्या जीपमधून निघालो. भुसावळ मागे पडलं, तापी ओलांडली आणि दोन्ही बाजूंना केळीच केळी सुरू झाली. बाहेर भट्टी पेटलेली आणि बागेत पाऊल टाकलं की माठाजवळ बसल्यासारखं गार. नानांनी एका बांधावर जीप थांबवली, चार घड खालून-वरून पाहिले, मालकाच्या हातावर हात ठेवला आणि अख्ख्या बागेचा सौदा करून परत जीपमध्ये येऊन बसले.

"आत नाही गेलात?" मी विचारलं.

"कशाले? एकाच दिवशी लावलेली, एकच पानी पेलेली बाग. चार घड पायले का बाग पायली."

शितावरून भाताची परीक्षा, मी मनात म्हटलं आणि मला ते पटलंसुद्धा. दुपारी नानांच्या घरी कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि ठेचा झाला. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. वहिनींनी दह्याची वाटी पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. यावल, चोपडा, शिरपूर असा रस्ता. सावद्याला "हाये" म्हणणारी माणसं शिरपूरच्या चहाच्या टपरीवर "शे" म्हणू लागली. "चहा गोड शे का, भाऊ?" असं टपरीवाल्याने विचारलं तेव्हा आपण दुसऱ्या मुलखात आलो असं वाटलं आणि मला उगीचच आनंद झाला.

सोनगीरच्या किल्ल्याची टेकडी समोर दिसते न दिसते तोच जीपचं चाक बसलं. पंक्चर निघेपर्यंत आम्ही गावातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानात सावलीला शिरलो. नुसतं कसं बसायचं, म्हणून नानांनी सहा तांबे मागितले. दुकानदार म्हातारे आबा होते. त्यांनी प्रत्येक तांब्या कानाजवळ धरून बोटाच्या पेराने वाजवला. पाच खणखणले. एकाचा आवाज बद्द आला तसा त्यांनी तो बाजूला ठेवून दुसरा काढला.

नाना म्हणाले, "आबा, एक वाजवला तं पुरे की. बाकीचे तसेच असतीन."

आबांनी मान हलवली. "एक वाजना म्हणीसन बठ्ठा भांडा वाजतीन, असं थोडंच शे?" (एक वाजलं म्हणून सगळी भांडी वाजतील असं थोडंच आहे?) "हर भांडाले येगळा ठोका पडेल शे." (प्रत्येक भांड्यावर वेगळा ठोका पडलेला आहे.)

नाना हसले. मला हसू आलं नाही. परत आलेले फोन काही एका बागेतले नव्हते. एक इंदूरहून आलेला असेल, एक नागपूरहून, आणि प्रत्येक फोन परत येण्यामागे काहीतरी कारण असणार. हे मी पोरांना शिकवतो. नानांना मात्र सांगितलं नव्हतं. ओठांवर आलेलं बोलणं मी पाण्याबरोबर गिळलं.

गोदाम हमरस्त्याला लागूनच होतं. तिथल्या मॅनेजरने चोवीस खोकी मोजून दिली आणि सही घेतली. मी एक खोकं उघडायला गेलो तसा तो नम्रपणे म्हणाला, "साहेब, उघडायचं ते गेटबाहेर. माल जसा आहे तसा, तपासलेला नाही, परत घेतला जात नाही. लिलावाच्या पानावर खाली लिहिलेलं होतं." त्याने मोबाईलवर ते पान दाखवलं. इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ते खरंच लिहिलेलं होतं. नानांना इंग्रजी वाचता येत नाही. मला येतं.

गेटबाहेरच्या निंबाखाली आम्ही बैठक मारली. पहिला फोन सुरू झाला. दुसराही झाला. नानांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या खोक्यातून कपडे धुण्याचा साबण निघाला. कागदात नीट गुंडाळलेला, फोनच्याच वजनाचा, चार्जरसकट. कुणीतरी फोन ठेवून घेऊन साबण परत केला होता आणि तो साबण कुणी उघडून न पाहता इथवर आला होता. पुढच्या दोन फोनांच्या पाठी आतल्या बॅटऱ्यांनी फुगवलेल्या होत्या. ते मी वेगळे काढले, फोडू नका आणि चार्जिंगला तर मुळीच लावू नका असं बजावलं आणि जीपमधल्या रिकाम्या डब्यात वाळू भरून त्यात ठेवले. बाकीच्यांतले कितीतरी सुरू व्हायचे आणि जुन्या मालकाचा पासवर्ड मागून तिथेच अडायचे.

ते घेऊन धुळ्याला गेलो. बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. मालक मारवाडी, तीन पिढ्या धुळ्यात. फोन शेडमधल्या बायकांसाठी आहेत हे नानांकडून ऐकून त्यांनी अर्धा तास एकेक फोन तपासला.

"भाऊ, बारा फोन दुसऱ्याच्या खात्याला बांधलेले आहेत. ते खोलणारी माणसं बाजारात आहेत, पण मी त्यातला नाही. उद्या एखादा चोरीचा निघाला तर तुमच्या शेडमधल्या बायकांच्या दारात पोलीस उभा राहील."

म्हणजे धड नऊच उरले. पारोळ्याजवळच्या ढाब्यावर शेवभाजी समोर आली. लालभडक तर्री आणि वर कुरकुरीत शेव, एरवी मी दोन वाट्या रिचवल्या असत्या. नाना पोळीचा तुकडा नुसता मोडत बसले होते.

"पैशाचं जाऊ द्या, सर. शब्द दिलेला हाये."

माझ्या त्या एका ओळीच्या उत्तराबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी शेडमधलं काम थांबवलं. चोवीस जणी हात पुसत गोळा झाल्या. सगळ्यांत पुढे कमलअक्का. सगळ्यांत जुनी बाई, लेक सुरतेला दिलेली, आणि यंदा लेकीला सुट्टी नाही. नानांनी खोकी मांडली आणि सरळ सांगितलं, "मी चार फोटो पायले अन् बोली लावली. नऊच चांगले निघाले. चूक माझी हाये."

अक्का म्हणाली, "नाना, आमच्या हातून एक डागी फणी खोक्यात गेली तं तुमी बोलता. मंग हे उघडून नाई पायलं?"

नानांची मान खाली गेली. तेव्हा मात्र मला राहवेना. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चूक त्यांची नाही. त्यांनी मला विचारलं होतं. मी न तपासता चांगला म्हणून सांगितलं." इतकी लाज मला साहेबांनी वर्गात येऊन तास तपासला तेव्हाही वाटली नव्हती.

अक्काने माझ्याकडे नीट पाहिलं. "मास्तर हाये ना तुमी?" एवढंच म्हणाली.

मग बायकांनीच नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. नऊ निघाल्या. अक्काचं नाव निघालं नाही. ज्यांना फोन मिळाले त्यासुद्धा हसल्या नाहीत. नाना पुढे होऊन म्हणाले, "बाकीच्यायले नवे आनतो. शब्द देतो."

"शब्द नको, नाना," अक्का म्हणाली. "आता फोनच आना."

निघताना तिने माझ्या पिशवीत केळीची एक फणी घातली, एकही डाग नसलेली. वर तो साबण ठेवला. "हे तुमचं, मास्तर. घेऊन जा."

परतीच्या गाडीत केळी संपली. साबण मात्र सांगलीपर्यंत आला आणि माझ्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर राहिला. कुणी फोटो दाखवून "सर, हे घेऊ का?" विचारलं, की मी आधी त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, वस्तू घेऊन ये.

आखाजीच्या आदल्या दिवशी नानांचा फोन आला. पंधरा नवे फोन त्यांनी जळगावच्या दुकानातून घेतले होते. प्रत्येक खोकं काउंटरवर उघडून, प्रत्येक फोन सुरू करून पाहिला, तेव्हा दुकानदार वैतागला म्हणे. आणि सणाच्या दुपारी एका अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. कमलअक्का होती. मागे निंबाला झोका बांधलेला दिसत होता. लेकीशी बोलणं झालं का, असं मी विचारलं.

"दोनदा झालं. साबन वापरला का, मास्तर?"

मी फोन टेबलाकडे वळवून दाखवला.

"मंग ठेवजा तसाच," ती म्हणाली आणि हसत हसत फोन ठेवला.