फोटोमागची ओळ

आमच्या सोसायटीतल्या फोटोकाकांनी कुणाला कधी 'स्माइल' म्हटलं नाही. क्लिक झालं की म्हणायचे, "आता बोला." माणूस बोलेल ते प्रिंटच्या मागे पेन्सिलीने, त्याच्याच शब्दांत लिहायचे. पहिली प्रिंट ज्याची त्याच्या घरी स्वतः पोचवायचे. युद्धात गेलेल्या जवानांची घरं टिपण्यात त्यांचं आयुष्य गेलं. "मागची ओळ आधी वाच," म्हणायचे, "चेहऱ्याला काय, कुणीही काहीही चिकटवतं."

जीभ तिखट. जानेवारीत आम्ही दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जायचो. फेटे बांधून स्मारकापुढे सेल्फी चालायचे. काका पुटपुटायचे, "हरलेल्या लढाईला आलोय, आणि थाट वरातीचा!" मंडळी दोन दिवस फुगायची, मग पासपोर्टच्या फोटोला त्यांच्याच दारात.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सरकारी खात्याने जवानांवर प्रदर्शन भरवलं. मी काकांकडे एक फोटो मागितला. रोहतककडचा म्हातारा, अंगात गेलेल्या मुलाचा स्वेटर, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. मागे ओळ होती, "मन्नै रोक्या था. मान्या कोनी." म्हणजे, मी अडवलं होतं, त्याने ऐकलं नाही.

"ही ओळ लावणार असशील तरच ने. म्हाताऱ्याला शब्द दिलाय मी," काका म्हणाले. मी हो म्हटलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी साहेबांकडून दुसरीच ओळ आली: 'और बेटे होते, तो वे भी देता.' म्हाताऱ्याच्या तोंडी! माझं प्रमोशन अडकलं होतं. मी मुकाट्याने ती लावली.

उद्घाटनाला काका म्हाताऱ्याला घेऊन आले. त्याला वाचता येत नव्हतं. "के लिख्या सै?" त्याने विचारलं. काकांनी वाचून दाखवलं. "यो मन्नै ना कह्या," हे मी बोललो नाही, एवढं म्हणून तो बाहेर पायरीवर जाऊन बसला.

काका माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "वरून आलं होतं, काका. बिल्कुल चॉइस नव्हता." त्यांनी कॅमेरा उचलला, माझा एक फोटो काढला आणि गेले. त्यानंतर एकाच जिन्यावर राहून ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही गेलो नाही. तोंडच नव्हतं.

मागच्या महिन्यात काका गेले. तेराव्याला काकूंनी माझ्या हातात पाकीट ठेवलं. "तुझी पहिली प्रिंट. कितीदा दोन पायऱ्या उतरले आणि परत आले. तुला द्यायला जीव धजत नव्हता त्यांचा."

फोटोत मी कोट घालून त्या स्वेटरच्या फोटोशेजारी उभा आहे. मागे पेन्सिलीने लिहिलंय, "वरून आलं होतं, काका. बिल्कुल चॉइस नव्हता."

एक शब्दही बदललेला नाही.