हैदरचं झाड

बांधावरून भांडण झालं, त्या पावसाळ्यात शरणप्पानं धाकट्या भावाच्या, वीरप्पाच्या हद्दीवर चिल्हारीचं बी टोकलं. नळदुर्गाकडच्या त्या पट्ट्यात कुंपणाला चिल्हार काही नवी नव्हती. पण शरणप्पानं ती अशी दाट माजू दिली, की तिच्यातून कोंबडीसुद्धा पार होईना. काटे मागं वाकलेले. एकदा धरलं की सोडायचे नाहीत. दोन घरांमधली पायवाट तिच्या पोटात गेली. वीरप्पाकडं जायचं तर ओढ्याला वळसा. पण जायचं होतं कुणाला?

मुलगी शिवकन्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. एकदा जेवताना ती म्हणाली, "आप्पा, आपल्या चिल्हारीला इंग्रजीत मैसूर थॉर्न म्हणतेत. म्हैसूरचा काटा. हैदर अलीनं किल्ल्यांभोवती हीच लावली होती म्हणं, म्हणून साहेबांनी ते नाव ठेवलं. दखनीत तर सरळ हैदर का झाड."

शरणप्पा खूश झाला. "बघ! राजेलोक लावत होते. ह्यो आपला किल्लाच हाय."

सत्यभामा, त्याची बायको, भाकरी थापता थापता म्हणाली, "किल्ल्यात सख्ख्या भावाला येऊ देत न्हाईत व्हय?"

तो खाली मान घालून जेवत राहिला.

चैत्रात गोठ्यालगतची कडब्याची गंजी पेटली. शरणप्पा बाजाराला गेला होता. गोठ्यातले बैल सोडायला सत्यभामा आत शिरली. एक बैल सुटला, दुसऱ्याच्या दाव्याची गाठ निघेना, तोवर छप्पर खाली आलं. शिवकन्येचा ओरडा ऐकून वीरप्पा धावत आला तो चिल्हारीपाशी अडला. ओढ्याकडून फिरून यायला वेळ नव्हता. "वैनी! वैनी!" करत तो तसाच काट्यांत घुसला. अंगाची सालटी निघाली. सत्यभामेला बाहेर त्यानंच ओढलं. पण सोलापूरच्या वाटेवर गाडीतच तिनं जीव सोडला.

मातीला वीरप्पा आला. त्याच्या तोंडावरचे ओरखडे ओलेच होते. सगळे पांगल्यावर शरणप्पानं विचारलं, "वाट असती तर वाचली असती का रं?"

वीरप्पा म्हणाला, "व्हय, आण्णा."

दुसऱ्या दिवसापासून शरणप्पा कुऱ्हाड घेऊन चिल्हारीला भिडला. हात रक्तबंबाळ झाले तरी थांबला नाही. बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी झाली, तेव्हा शिवकन्या कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आली.

"आप्पा, मी काकाकडं ऱ्हायला चालले."

"बरं," शरणप्पा म्हणाला. ती पलीकडच्या घरात शिरेपर्यंत तो बसून राहिला. मग उरलेल्या बैलाला पाणी दाखवायला उठला.