राणीचं औषध

रोज पहाटे चंद्रावतीकाकी गच्चीवर जुन्या तव्यात तंबाखू भाजायच्या. पान काळं पडलं, पण जळलं नाही, तो क्षण त्यांना वासावरूनच कळायचा. मग त्या ती चुरून मशेरी करायच्या आणि बोटाने दातांवर फिरवायच्या. खांदा कॉलनीतली आमची सगळी इमारत तेव्हा शिंकत असे. कोणी तक्रार केलीच तर त्या म्हणायच्या, "शिंका, शिंका! डोका मोकला व्हतो."

त्यांचं माहेर मिठागरवाल्यांचं. दहा वर्षांच्या असताना दाढ दुखली, तेव्हा आईने तिच्यावर मशेरी दाबली होती. तेव्हापासून तोंडातल्या प्रत्येक दुखण्यावर हेच औषध. म्हणून पासष्टीत जिभेच्या कडेला पांढरा चट्टा आला, चुरचुरू लागला, तर त्यांनी त्यावरही मशेरीच दाबली. वर्षभर. सून नीताच्या लक्षात आलं तोवर गाठ झाली होती. डॉक्टर म्हणाले, अर्धी जीभ काढावी लागेल. बोलणं किती उरेल सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात अभ्यास करताना मला एक जुना इंग्रजी शब्द भेटला: निकोशियन. म्हणजे तंबाखूचा, तंबाखूसंबंधीचा. आता तो कोणी वापरत नाही. त्यात एका माणसाचं नाव आहे. जाँ निको, पोर्तुगालमधला फ्रान्सचा राजदूत. साडेचारशे वर्षांपूर्वी त्याने तंबाखू आपल्या दरबारात पाठवली, औषध म्हणून. तिथली राणी डोकेदुखीवर तिची पूड वापरायची, असं सांगतात.

मी हे काकींच्या शेजारी बसून सांगितलं.

"राणी बी?"

"हो."

"आनि तिला कोन बोलला नाय, सोड म्हनून?"

"तेव्हा कोणाला माहीतच नव्हतं, काकी."

"मंग आमच्या आयशीची चूक नाय गो."

एका राणीचं डोकं आणि मिठागरावरच्या पोरीची दाढ. मध्ये एवढा समुद्र, एवढी शतकं. आणि दोन्हीकडे कोणीतरी कोणाला बरं करायलाच निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी काकींनी तवा स्वतःच्या हाताने भंगारवाल्याला दिला. पंचावन्न वर्षांची सवय, पण मागे वळून पाहिलं नाही.

ऑपरेशननंतर त्या खुणांनी बोलू लागल्या. त्याआधी, ऑपरेशनच्या सकाळी, स्ट्रेचर आत नेताना नीता रडत होती. काकींनी तिचा हात धरला आणि अगदी स्पष्ट म्हणाल्या, "कोलंबीचा कालवन फ्रिजमदी हाय. आजच संपवा, उद्या टिकायचा नाय."