जिन्याखालचं हरवले-सापडले

एका निर्दोष बाईला मी पाच तास चौकीत बसवून ठेवलं, ही माझ्या नोकरीतली सर्वांत मठ्ठ चूक. ती दुपार अजून डोक्यातून गेलेली नाही. नात म्हणते, "आजी, तू तेव्हा फार कडक असशील." कडक कसली, नुसती वर्दीची इस्त्री कडक होती.

मी लोहमार्ग पोलिसांत नवीन उपनिरीक्षक होते. चौकी नवी मुंबईतल्या एका कमी वर्दळीच्या स्टेशनावर; स्टेशन गावच्या भातशेतांवर उभं राहिलेलं. हॉल एवढा मोठा की शिंकलं तरी घुमायचं. तिकीट खिडक्या चार, उघडी एक. रुजू होताच मी 'स्टेशन साफ' मोहीम काढली आणि जिन्याखाली बसणाऱ्या बूटपॉलिशवाल्या काकांना विनापरवाना म्हणून उठवलं. साहेबांनी शाबासकी दिली. ती मी आठवडाभर मिरवली.

मग तक्रार आली. सानपाड्याच्या एक शिक्षिका आईचं मंगळसूत्र गाठवून आणत होत्या. लाल बटवा बाकावर राहिला, गाडीत बसल्यावर लक्षात आलं. पुढच्या स्टेशनावरून परत येईपर्यंत बटवा गायब. चहावाल्याने खबर दिली, "मॅडम, सफाईवाल्या मावशीनं पदराखाली काहीतरी लाल नेलं."

मावशी शेजारच्या गावातली, ठेकेदाराच्या रोजावर. महिला शिपायाला बाजूला बसवून मी विचारपूस सुरू केली.

"बटवा उचलला?"

"उचलला."

मनात मी गुन्हा उघडकीस आणूनसुद्धा टाकला.

"कुठे आहे?"

"जाग्यावर हाय."

"कोणाकडे?"

मी आवाज चढवला, टेबल आपटलं, हात दुखला तो वेगळाच. ठेकेदाराला बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, "मावशी, बोल, नायतर उद्यापासून येऊ नको." मावशीचे डोळे भरले. "काम गेलं तं जाऊ दे. पन मी कोनाचं नाव घेनार नाय."

म्हणजे साथीदार आहे! मी कागदावर टोळीचा नकाशा काढायला घेतला.

आमचे हवालदार माझ्याहून वीस वर्षं जुने. ते हळूच म्हणाले, "मॅडम, चोर माल घेऊन पळतो. ही बटवा उचलल्यावरही इथंच झाडू मारत राहिली. जरा पॅसेंजर होऊन चौकशी करा ना."

मी टोपी काढली, वर्दीवर शाल गुंडाळली आणि खिडकीपाशी गेले. "भाऊ, काही हरवलं तर कुठे विचारायचं?"

क्लार्कने मान वर न करता सांगितलं, "बूटपॉलिशवाल्या काकांकडे. जिन्याखाली असायचे, पोलिसांनी हाकललं. भुयारी मार्गाच्या तोंडाशी बघा." त्याच्या डोक्यावर पाटी होती: हरवलेल्या वस्तूंसाठी पोलीस चौकीशी संपर्क साधावा.

काकांनी आधी माझे बूट पाहिले, मग तोंड. "या मॅडम. शाल छान आहे."

"लाल बटवा आहे का?"

"आत काय आहे? काळ्या मण्यांच्या सरी किती?"

हे मी तक्रारीत लिहूनच घेतलं नव्हतं. शिक्षिकाबाईंना आणावं लागलं. "दोन सरी, मधे एक पोवळं," त्या म्हणाल्या, तेव्हा काकांनी पेटी उघडली. छत्र्या, डबे, कॉलेजची ओळखपत्रं आणि फडक्यात नीट बांधलेला बटवा. कोणाला काही सापडलं की इथे द्यायचं, हरवलं की इथे विचारायचं, असं सगळ्या स्टेशनाला माहीत होतं. पोलिसांना सोडून. शिक्षिकाबाईंनाही कोणीतरी जिन्याखाली विचारायला सांगितलं होतं. त्यांना तिथे रिकामी जागा दिसली, ती मी केलेली.

गप्प बसणारा माणूस गुन्हाच लपवत असतो, असं मी धरून चालले होते. तो कोणाला तरी वाचवत असेल, आणि कोणापासून, हे आधी बघायचं, एवढं त्या दिवशी शिकले. मावशी काकांची पेटी वाचवत होती, माझ्यापासून.

स्टेशन डायरीत खरं ते लिहिलं. ठेकेदाराला बोलावून सगळ्यांदेखत सांगितलं की मावशी उद्या कामावर येतील. मग चहा मागवला आणि माफी मागितली. मावशीने बशीतला चहा संपवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली:

"माफीचं राहू द्या बाई. काकांना परत जिन्याखाली बसवा, नायतर लोकं वस्तू तुमच्याकडं आनून देतील, आनि मंग कोनालाच मिलायच्या नाय."