अण्णांची पाण्याची टाकी

अंगठ्याचं नख जोडावरून सावकाश फिरवायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि समोरच्याकडे न बघता म्हणायचं, "सरी इल्ल. परत कर."

सरी इल्ल म्हणजे ठीक नाही. आमच्या हुबळी-धारवाडकडे एवढं कन्नड दुधपित्या पोरालाही कळतं. पण अण्णांच्या तोंडून ते ऐकलं की माझी कानशिलं तापायची. तारिहाळच्या ज्या कारखान्यात मी लेथवर काम करतो, तिथं पाण्याच्या पाइपांना लागणारे व्हॉल्व्ह बनतात. तयार व्हॉल्व्ह तपासायचं काम अण्णांचं. हवा भरलेला व्हॉल्व्ह पाण्यात बुडवायचा आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. तुम्हाआम्हाला दिसणार नाही असा बुडबुडा या माणसाला दिसायचा.

"अण्णा, एवढ्याशानं काय बिघडतंय?" मी वैतागून विचारायचो.

"गळतं ते गळतं. एवढंसं अन् तेवढंसं असं नसतंय त्यात."

असा माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल. त्याच्या नावानं बोटं मोडायची, आणि तो रजेवर गेला की चुकल्यासारखं वाटायचं.

अण्णा रिटायर झाले तेव्हा मी सुटलो असं समजत होतो. पण आम्ही दोघं राहायला रायापुरात, एकाच गल्लीत. आणि अण्णांना गच्चीवरच्या खोलीत छोट्या रेल्वेचा नाद. प्लायवूडच्या मोठ्या फळीवर रूळ, इवलंसं स्टेशन, काडेपेटीएवढे डबे. त्यातला एखादा रूळ वाकडा झाला की रविवारी सकाळी माझ्या दारात हाक यायची, "आहेस काय रे?" माझी बायको चहाचा कप माझ्या हातातून काढून घ्यायची आणि म्हणायची, "जावा, तुमचे साहेब आलेत."

मग वैनींना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आल्या त्या खाटेवरच. बोलणं एकच उरलं, "अंहं." नको असलं तरी अंहं, दुखलं तरी अंहं. हवं असलं की त्या डोळे मिटायच्या.

महिनाभरानं अण्णांनी मला बोलावलं आणि गच्चीवरची सगळी रेल्वे खाली वैनींच्या खोलीत आणायला लावली. फळी जिन्यात अडकली, माझी बोटं भिंतीला सोलवटली. खाटेच्या उंचीचे पाय फळीला लावून ती वैनींच्या डाव्या हाताशी ठेवली. पुण्याहून आलेली त्यांची मुलगी चिडली. "अण्णा, ही आजारी माणसाची खोली आहे. खेळणी कसली मांडताय?"

"तिला खिडकीतून काय दिसतंय? शेजाऱ्याची भिंत," अण्णा म्हणाले. "इथून तिला तिचं स्टेशन दिसू दे."

वैनींचे वडील रेल्वेत स्टेशन मास्तर. लोंढ्याच्या बाजूला रानातल्या एका लहान स्टेशनावर वैनींचं सगळं बालपण गेलं. रेल्वेचं घर आणि त्याला लागूनच कोळशाच्या इंजिनांना पाणी पाजणारी उंच टाकी. लग्न ठरवायला गेले होते तेव्हा अण्णांनी ते स्टेशन एकदाच पाहिलं होतं. आणि खरं सांगायचं तर, स्टेशन बघायला थोडेच गेले होते ते.

तरी स्टेशन जमलं. कौलं, बाक, घंटा, सगळं. वैनींनी डोळे मिटले. राहिली होती फक्त टाकी.

"दोन रविवारांचं काम," अण्णा म्हणाले.

पत्र्याची गोल टाकी केली. सायकलच्या स्पोकचे चार पाय, त्यांना आडव्या पट्ट्या, चढायला शिडी. मी तारिहाळहून पितळी तार आणून शिडीच्या पायऱ्या डाग देऊन बसवल्या. अण्णांनी नख फिरवलं आणि, विश्वास ठेवा, काही बोलले नाहीत. टाकी रुळाशेजारी उभी केली. वैनींनी ती बराच वेळ पाहिली.

"अंहं."

आणि डावा हात उचलून बोट खाली दाखवलं.

"उंच झाली," अण्णा म्हणाले. "कमी कर."

पाय कापले. पुन्हा अंहं, पुन्हा बोट खाली. आणखी कापले. मग गोल टाकी चुकली असेल म्हणून चौकोनी केली. रंग काळा होता तो तांबडा केला. दर वेळी तेच अंहं आणि तेच बोट खाली. शेवटी टाकी इतकी बसकी झाली की पाटावर डबा ठेवल्यासारखी दिसायला लागली. कुठलं इंजिन वाकून त्यातून पाणी पिणार?

"तुमचं तुम्ही बघा आता," मी एका रविवारी पक्कड आपटली. "आयुष्यभर आम्हाला सरी इल्ल म्हटलंत. आता घरातच इन्स्पेक्टर भेटली तुम्हाला."

अण्णा हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. "मी तुम्हाला काय चुकलंय ते तरी सांगत होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "हिला सांगता येत नाही रे."

मी पक्कड उचलली.

बोट टाकीकडे नाही, टाकीखालच्या जमिनीकडे आहे, हे ध्यानात यायला आम्हाला फार दिवस लागले. ते ध्यानात आल्यावर अण्णांना उत्साह चढला. टाकी पुन्हा उंच केली. तांबडी माती चाळून पसरली. लाकडाचा भुसा हिरवा रंगवून त्याचं गवत केलं, भांडी घासायच्या हिरव्या घासणीचे तुकडे करून झुडपं केली. भुसा चिकटवायला घरची मैद्याची खळ वापरली, आणि सकाळी येऊन बघतो तर मुंग्यांची रांग अर्धं कुरण घेऊन चाललेली. दुसऱ्यांदा केलं तर झुरळांनी खाल्लं. तिसऱ्यांदा दुकानातला पांढरा गोंद आणला, तो वाळला आणि गवतावर भुरी पडल्यासारखं झालं. मी कपाळ बडवून घ्यायचा बाकी होतो. अण्णा मात्र चिमट्यानं एकेक झुडूप सरळ करत बसायचे. टाकीखाली त्यांनी फरशी घालावी तशी स्वच्छ, कोरडी, आखीव जमीन केली. अशी जमीन कारखान्याच्या फाटकासमोर शोभली असती.

"अंहं," वैनी म्हणाल्या. आणि या वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चिडून आलं ते. डावी मूठ त्यांनी चादरीवर दोनदा आपटली. अण्णा खोलीबाहेर गेले आणि बराच वेळ मोरीत हात धूत राहिले.

उत्तर आलं ते कलघटगीहून, भाजीच्या पिशवीबरोबर. वैनींची धाकटी बहीण तिथं राहते. ती बहिणीला बघायला आली, पिशवी खाली ठेवली, फळीकडे बघून हरखली.

"अय्यो! आमचं स्टेशन की हे! अक्का, बघ, आपलं घर." मग टाकीपाशी थांबली. "पण भावजी, ही टाकी कुणाची?"

"तुमचीच," अण्णा म्हणाले.

"कोरडी ठणठणीत? छे! आमची टाकी बारा महिने गळायची. खाली चिखल, चिखलात केळी, अळू. आई तिथंच धुणं धुवायची. आम्ही दोघी शाळेतून आलो की दप्तर फेकून टाकीखाली. ही अक्का तर थेंब तोंडात झेलायची."

आम्ही वैनींकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. घट्ट.

"मग आधी सांगितलं नाहीस?" अण्णा मेव्हणीवर उखडले.

"मला विचारलंत कधी?"

आता तुम्हाला वाटेल की काम सोपं झालं. मलाही वाटलं. पण अण्णा अडून बसले. रेल्वेची टाकी गळती ठेवणं म्हणजे कुणाची तरी हयगय, आणि ती हयगय आपण आपल्या हातानं करायची? दोन रविवार त्यांनी मला बोलावलंच नाही. मग बोलावलं तेव्हा कागदाची केळी तयार होती, आणि टाकीखाली चकचकीत व्हार्निशचं डबकं. दिसायला हुबेहूब ओलं.

"बघ," ते वैनींना म्हणाले. "गळती झाली."

वैनींनी डावा हात लांब केला, डबक्यात बोट ठेवलं, उचललं, बोट डोळ्यांसमोर धरून पाहिलं. कोरडं.

"अंहं."

मी हसलो. हसायला नको होतं, पण आवरलंच नाही. अण्णा माझ्याकडे असे बघत राहिले, जसा मी कारखान्यात त्यांच्याकडे बघत असे. मग त्यांनी चप्पल घातली आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले. येताना हातात सलाईनची नळी, तिला थेंब कमीजास्त करायचं ते छोटं चाक.

टाकीच्या पोटात औषधाची रिकामी बाटली बसवली, तळाला भोक पाडलं, नळी एका पायामागून खाली आणली. भोक पाडताना अण्णांचा हात थांबला. "तू पाड," ते मला म्हणाले. मी पाडलं. त्यांनी बाटलीत पाणी ओतलं आणि चाक सोडलं.

थेंब जमला, लोंबला, पडला. टप्. मग दुसरा.

वैनी बघत होत्या. त्यांनी हात पुढे केला, तळवा टाकीखाली धरला. दोनचार थेंब साठू दिले. आणि ते पाणी त्यांनी उडवलं, थेट अण्णांच्या तोंडावर.

अर्ध्याच चेहऱ्यानं हसत होत्या त्या. आवाज नव्हता. पण खांदा हलत होता. अण्णा चष्म्यावरचं पाणी न पुसता उभे होते.

त्या दिवसापासून फळीची वाट लागायला लागली. प्लायवूड फुगलं, थर सुटले. रुळांना गंज चढला, गाडी स्टेशनाच्या अलीकडेच अडकायला लागली. रुळांखालची खडी म्हणून आम्ही नाचणी चिकटवली होती. ती ओलीनं उगवली. टाकीखाली, कागदी केळींच्या मध्ये, खरे हिरवे कोंब. मला बघवेना.

"अण्णा, खाली प्लास्टिक घालू का? सगळं कुजतंय."

"राहू दे."

"इतक्या महिन्यांची मेहनत हो!"

"राहू दे म्हटलं ना. बाटली भरून आण."

मी बाटली भरून आणली.

उन्हाळा संपता संपता वैनी गेल्या. झोपेतच. सगळं दिवसकार्य आटोपल्यावर मी एका दुपारी गेलो. अण्णा रिकाम्या खाटेच्या कडेवर बसले होते. नाचणीचे कोंब वाळून पिवळे पडले होते.

"एक सांग," ते म्हणाले. "ती टाकी तिला पसंत पडली की नाही?"

"हे काय विचारणं, अण्णा? हसल्या की त्या."

"हसली. पण डोळे मिटले नव्हते तिनं. स्टेशनाला मिटले होते. टाकीला नाही." त्यांचा आवाज चिडका होता, कारखान्यातल्यासारखा. "रोज वाटायचं, आज विचारावं. पण ती थेंबाकडे बघत असायची. मधे कसं बोलायचं? राहून गेलं. आता कुणाला विचारू?"

मी खाली वाकून वाळके कोंब वेचायला लागलो. आता कधी वाटतं, जे बघत राहावंसं वाटतं त्याला कोण कशाला डोळे मिटेल? पण हे त्या दुपारी सुचायला हवं होतं.

पावसाळ्यानंतर मुलगी त्यांना पुण्याला घेऊन जायला आली. घर भाड्यानं द्यायचं ठरलं. सामान भरून गाडी गल्लीत उभी राहिली. मी आणि माझी बायको निरोप द्यायला गेलो. बायकोनं प्रवासासाठी दशम्या बांधून दिल्या होत्या. अण्णांनी डबा घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग मागचं दार उघडून आत शिरले. मागची सीट पूर्ण मोकळी होती. तरी अण्णा अंग चोरून पलीकडच्या दाराशी सरकले, डबा मांडीवर घेतला. अलीकडची, खिडकीजवळची जागा त्यांनी हातानं एकदा झटकून साफ केली, वाकून तिकडची काच अर्धी खाली केली आणि कुणी बसायचं असल्यासारखी ती जागा मोकळी ठेवली.

गाडी वळणावर गेली तेव्हा त्या उघड्या खिडकीतून पलीकडे बसलेले अण्णा मला दिसले. दशम्यांचा डबा दोन्ही हातांनी धरून ते सरळ समोर बघत होते.