वैशाखातला स्वेटर

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. मी सुरुवात केली की बायको पंखा वाढवते आणि मुलगा म्हणतो, "बाबा, रिटायर झालात, आता आरोपीला सोडा की." सोडला असता. पण तो सुटला तो कायद्याच्या हातून; माझ्या डोक्यातून सुटायला तयार नाही.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. पाऊस लागोपाठ दगा देत होता आणि शहर मात्र वाढत होतं. पडेगावच्या बाजूला काल ज्वारी होती तिथं आज प्लॉटच्या चुन्याच्या रेघा. मी त्या भागातल्या ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. दरोडेखोर पकडायची स्वप्नं घेऊन खात्यात आलो होतो आणि टँकरवरच्या भांडणांत फुटलेल्या घागरींचे पंचनामे करत होतो. अशा उन्हाळ्यात माणूस रस्त्यात कोसळला की ठाण्यातला शेंबडा शिपाईही कारण सांगायचा: उष्माघात.

वैशाखातल्या एका दुपारी सरकारी दवाखान्यातून फोन आला. एक मजूर बाई मयत अवस्थेत आणली आहे, वय पंचविशीच्या आत. मी महिला शिपायाला घेऊन गेलो. तिला आणणारा माणूस बाहेर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात थंड पाण्याच्या बाटल्या. एक त्यानं मलाही दिली आणि मी ती प्यालो. त्याचा एका बंगल्याच्या मागं मश्रूमचा कारखाना होता. मश्रूम म्हणजे आपली अळिंबी. बंद खोलीत प्लॅस्टिकचा मोठा तंबू ठोकून तो ती पिकवायचा आणि हॉटेलांना द्यायचा. मयत बाई त्याच्याकडं कामाला होती. त्याचं सांगणं सरळ होतं: टँकरच्या रांगेत भर उन्हात उभी राहिली, कामावर आली आणि फाटकातच कोसळली.

बाईचं कुटुंब कन्नड तालुक्यातलं, मेंढरं राखणारं. चारा संपला तशी पुरुषमंडळी मेंढरं घेऊन गोदावरीकाठाला उतरलेली. सासू आणि दोन सुना शहरात मजुरीला. मेली ती थोरली सून. सासू व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती, बोलतही नव्हती. मी मनात म्हटलं, सासूच ती. इतकी अक्कल घेऊन मी तपासाला आलो होतो.

मरणोत्तर पंचनामा सुरू झाला. महिला शिपायानं बाईच्या साडीवरचा पुरुषी शर्ट उघडला. शेतात, बांधकामावर बाया साडीवर असा शर्ट घालतातच. पण त्याच्या आत स्वेटर होता. लांब बाह्यांचा, तपकिरी, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला.

महिला शिपाई माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "साहेब, मी सुती साडीत उकडून मरायला लागलेय. ही उन्हानं मेली म्हणता?"

मी म्हटलं नव्हतं, मालक म्हणत होता. पण मनातून मीही तेच म्हणत होतो. डॉक्टरांना स्वेटर दाखवला. त्यांनी अंगाचा रंग बघितला. मेलेल्या माणसाचा नसावा असा गुलाबी रंग होता. त्यांनी कारण राखून ठेवलं आणि रक्ताचा नमुना प्रयोगशाळेला पाठवला. स्टेशन डायरीत अकस्मात मृत्यूची नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू ठाण्यात आली. ठाणे अंमलदारानं बाकावर बसायला सांगितलं तरी बसली नाही, थेट माझ्या टेबलापुढं उभी राहिली.

"साहेब, ती रांगंत नव्हतीच. रांगंत मी व्हते."

सून पहाटेपासून राबत होती, डोकं धरून होती. सासूच तिला म्हणाली, जेवण झालंय, आत गारव्याला टेक जरा, पाण्याला आम्ही जातो. सासू आणि धाकटी सून टँकरवर गेल्या. घागरी घेऊन परत आल्या तर थोरली तंबूतच, कूलरच्या तोंडाशी निजलेली. हलवली तर उठेना. मग मालकानं तिला उचलून फाटकात आणलं, वरून गुंडाळलेली शाल काढून टाकली आणि मग गाडी बोलावली. शर्टाच्या आतला स्वेटर त्याला दिसलाच नव्हता.

"आत लई गार असतंय. आम्ही समद्या सुटर घालून काम करतो. लाईट गेली की मशीन लावतात, मग डोस्कं ठणकाया लागतं, वकारी येती. मालकाला सांगितलं तर गोळ्या द्यायचा." मालकानं तिला काल आणखीही काही समजावलं होतं: उन्हानं मेली म्हटलं तर सरकारी मदत मिळेल, दुसरं काही बोललात तर मढं ताब्यात मिळायला आठवडा जाईल.

"मग आज कशाला आलीस, मावशी?" मी विचारलं.

"धाकलीला त्यानं बोलावलंय. हजेरी बुडंल म्हून ती गेलीय. साहेब, ती आत्ता आत हाय. लाईट जायचा टाईम झालाय."

काल गेलेल्या सुनेच्या चितेची राख अजून सावडायची होती आणि धाकटी त्याच तंबूत होती. हे ऐकल्यावर मी काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. जीप काढली.

आम्ही पोचलो तेव्हा भारनियमन सुरू झालं होतं आणि बंगल्यामागून जनरेटरची धडधड येत होती. फाटकावरचा रखवालदार मालकाला फोन लावत बसला. हवालदारानं त्याला बाजूला केलं. तंबूची चेन उघडली आणि बाया बाहेर काढल्या. सात-आठ जणी, सगळ्या स्वेटरात, बाहेरच्या उन्हात डोळे मिटून उभ्या. धाकटी सून भिंतीपाशी बसून ओकत होती. सासूनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला शिव्या घातल्या. लई हजेरीची पडलीय तुला, मेली असतीस म्हंजी कुणाची हजेरी लावली असती. धाकटी ओकता ओकता रडायला लागली.

मी आत डोकावलो. खरं सांगतो, पहिल्यांदा बरं वाटलं. महिनाभर घामानं चिकटलेला गणवेश एकदम गार झाला आणि माझं पाऊल आपोआप पुढं पडलं. हवालदारानं दंड धरून मला मागं ओढलं नसतं तर ही आठवण दुसऱ्याच कुणाला लिहावी लागली असती.

पुढचं कोडं त्याच हवालदाराच्या बिडीनं सोडवलं. तो मागच्या बोळात जाऊन बिडी ओढत होता आणि तिथूनच त्यानं मला हाक मारली. बोळ अरुंद. एका बाजूला रॉकेलवरचा जनरेटर, त्याच्या लगत भिंतीत बसवलेला मोठा कूलर. हवालदारानं धूर सोडला. धूर वर गेला नाही. आडवा होऊन सरळ कूलरच्या ओल्या गवतात शिरला. जनरेटरच्या नळीचा धूरही त्याच वाटेनं चालला होता. कूलर बाहेरची हवा ओढून तंबूत घालायचा. बोळात हवा म्हणजे निम्मा धूरच. आणि तंबूतली हवा बाहेर टाकणारा पंखा समोरच्या भिंतीत होता. तो बंद होता. जनरेटरला एसी, कूलर आणि पंखा असा सगळा भार झेपत नसे, म्हणून लाईट गेली की तेवढा पंखा बंद करायचा, असा मालकाचा हुकूम. गारवा आत राहिला पाहिजे. जनरेटर आधी अंगणात होता. शेजारी वजनदार माणूस, त्याची आवाजाबद्दल तक्रार आली, म्हणून मागं नेला.

मालकाला ठाण्यात आणलं. तो शांत होता. सगळं इंजिनिअरकडून करून घेतलं आहे, पंखा कायम चालू असतो, बायांना उपाशी यायची सवय असते, असं त्याचं सुरू झालं. अशा शिकलेल्या माणसावर आवाज चढवला तर तो वकील मागतो. म्हणून मी बावळट चेहरा केला. बायकोच्या मते मला तो करावा लागत नाही, उपजतच आहे. चहा मागवला. म्हटलं, निवृत्तीनंतर असं काहीतरी करावं म्हणतो, जमेल का मला?

माणसाला आपल्या धंद्याबद्दल विचारलं की तो आरोपी आहे हे विसरतो. हा तर खुलला. मश्रूमला गारवा किती लागतो, ओलावा किती, सगळं सांगत गेला.

"आणि सर, हवा. हे पीक फार नाजूक. हवा कोंडली की लगेच सांगतं. देठ लांब होतो, टोपी बारीक राहते. आमचं गेल्या महिन्यात तसंच येत होतं. पुण्याहून सल्लागार बोलावला."

"काय म्हणाला तो?"

"जनरेटरचा धूर आत येतोय म्हणाला, तो हलवा. आणि बाहेरचा पंखा बंद ठेवू नका." मग तो थांबला. आपण कुठं येऊन पोचलो ते त्याला कळलं.

"हलवला का नाही?"

"हलवणारच होतो, सर. हा माल निघाला की."

"मश्रूमचा देठ लांबला तेव्हा तुम्ही पुण्याहून माणूस आणलात. बायांची डोकी दुखत होती तेव्हा काय आणलंत?"

त्यानं अगदी प्रामाणिकपणे उत्तर दिलं. "गोळ्या दिल्या ना, सर."

इतक्या वर्षांच्या नोकरीत आरोपीवर हात उगारायचा मोह मला अनेकदा झाला, पण त्या दिवशी मी दोन्ही हात टेबलाखाली धरून बसलो होतो.

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून सल्लागाराला शोधून त्याचा जबाब घेतला. भला माणूस, त्यानं काही लपवलं नाही. पंचांसमक्ष लांब देठाचा माल, जनरेटर, बंद पंखा यांचा पंचनामा केला, खोलीला सील लावलं. रक्ताच्या अहवालात धुराचं विष, कार्बन मोनॉक्साइड, निघालं; अंगाचा तो गुलाबी रंग त्याचाच. मी सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं, कारण धोका माहीत असून त्यानं बाया आत पाठवल्या होत्या. वरून फोन आले. शहरात नवे धंदे येताहेत, साधी हयगय दाखवा, कशाला ताणता? मी ताणलं. कोर्टात शेवटी ते हयगयीवरच उतरलं. थोडी कैद, दंड, लगेच अपील आणि जामीन. माझी बदली झाली. बदलीचं दुःख नाही. बायकोला नव्या गावात पाणी रोज मिळायचं म्हणून ती खूषच होती.

पुढच्या उन्हाळ्यात कोर्टाच्या तारखेला आलो होतो, तेव्हा एका नव्या इमारतीच्या कामावर सासू आणि धाकटी दिसल्या. वाळू वाहत होत्या. मी जीप थांबवली. सासूकडून कळलं की बाकीच्या बाया कितीतरी दिवस तिच्याशी बोलत नव्हत्या. बसून करायचं, गारव्यातलं काम हिच्यामुळं गेलं म्हणायच्या. ऊन फार आहे, जपून राहा, असलं काहीतरी निरर्थक बोललो.

"उन्हात पडलेलं मानूस चार जनांला दिसतं, साहेब," ती म्हणाली. "कुनी तरी पानी घेऊन पळतंय."

या गुन्ह्यानं मला शिकवलं ते असं. दुष्काळात मरणाचं कारण आधीच तयार असतं. सगळ्यांच्या तोंडी असतं, पोलिसाच्याही. ज्याला काही लपवायचं असतं तो तेच उचलून आपल्या पुढ्यात ठेवतो, वर थंड पाण्याची बाटलीही देतो. म्हणून सगळ्यांना पटलेलं कारण दिसलं की तपास तिथूनच सुरू करावा. उन्हावर आळ घेणं फार सोपं असतं. ऊन काही ठाण्यात येऊन, मी नाही मारलं, असा जबाब देत नाही.