रंजनाला मरू दे

कल्पिता म्हात्रे दिवसभर वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ऑफिसात बिलं करायची आणि सकाळी स्वयंपाकाआधी गोष्ट लिहायची. एकच गोष्ट, सहा वर्षं. मोबाइलवर गोष्टी ऐकवणाऱ्या एका कंपनीसाठी ती दर आठवड्याला एक भाग द्यायची. मालिकेचं नाव ‘रिक्षावाली रंजना’. डोंबिवलीत रिक्षा चालवणारी ही रंजना तोंडाची तिखट. तिच्या रिक्षात रडत बसलेलं माणूस उतरताना हसत उतरायचं.

रंजना म्हणजे कोण, हे मानपाड्यात सगळ्यांना माहीत होतं. ती कल्पिताची थोरली बहीण, गोदा. नवऱ्याला सोडून मानपाड्याला माहेरी आल्यावर गोदानं रिक्षाचं लायसन काढलं. पहिल्याच दिवशी स्टँडवरचा एक जण म्हणाला, “तायडे, भांडी घासायची सोडून इकडं कुठं?” गोदा म्हणाली, “तुज्या घरची कोन घासतं, ते आदी सांग.” पुन्हा कुणी वाटेला गेलं नाही. संध्याकाळी ती दिवसभराच्या पॅसेंजरांच्या कथा सांगायची आणि कल्पिता त्यातूनच भाग लिहायची. पहिला भाग ऐकून गोदा पोट धरून हसली होती. “मी येवडी हुशार कदी झाली गं?”

मालिकेला दोन वर्षं झाली आणि गोदाला कावीळ झाली. अंगावर काढली, लिव्हरला लागली. हॉस्पिटलात तिचं काही चाललं नाही. गेली.

कल्पितानं मालिका थांबवली नाही. आता पॅसेंजरही मनचेच आणि उत्तरंही मनचीच. दर रविवारी ती कोपरच्या आपल्या घरून मानपाड्याला आईकडे जायची, दोघींच्या मध्ये फोन ठेवायची आणि नवा भाग लावायची. आई, गंगुबाई, भाजी निवडत ऐकायची. संपलं की म्हणायची, “बरा झाला.” कल्पिताला वाटायचं, तेवढा वेळ गोदा घरी आलेली असते.

या वर्षी कंपनीतल्या निशाचा फोन आला. पोरगी गोड बोलायची.

“मॅम, ऐकणारे कमी होतायत. रंजना आता जुनी झाली. कॉलेजमधली हिरोइन आणू या ना, रंजनाची भाची. रंजनाचा अॅक्सिडेंट दाखवू. एका भागात संपेल.”

“तिला गावी पाठवली तर?”

“मग लोक विचारत राहतील, कधी येणार म्हणून. नाही जमलं तर मालिका बंद करावी लागेल, मॅम.”

आठवडाभर कल्पिता एकच विचार करत होती. स्वतःच्या हातानं बहिणीला दुसऱ्यांदा मारायचं, आणि ते आईला ऐकवायचं? रविवारी तिनं फोन पर्समधून काढलाच नाही.

“आये, ते कंपनीवाले रंजनाला मारायला सांगतायत.”

गंगुबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली. “मग मार.”

कल्पिताला वाटलं, आईला नीट ऐकू आलं नाही. “अगं, आपली गोदा ती!”

“ती गोदा नाय. माजी गोदा शेवटाला भ्याली व्हती. माजा हात सोडत नव्हती. आये, मना घरी ने, म्हनायची. तुजी रंजना कदी भ्याली नाय, कदी रडली नाय.”

“मग तू इतकी वर्षं ऐकत का होतीस?”

“तुला बरं वाटायचं म्हनून.” गंगुबाईनं जुडी बाजूला सारली. “तू तिला मरूच दिली नाय, कल्पे. दर रविवारी ती हसत दारात. मंग मी रडू कवा?”

कल्पिता आईजवळ सरकली, पण आईनं तोंड फिरवून घेतलं होतं.

तिनं शेवटचा भाग लिहिला, पण अॅक्सिडेंटचा नाही. त्यात रंजनाला कावीळ झाली, तिचे डोळे पिवळे झाले. ती भ्याली. खाटेवरून तिनं आईला हाक मारली, मला घरी ने म्हणाली, आणि आईला नेता आलं नाही. लिहिताना कल्पिताला पहिल्यांदाच गोदाचा शेवटचा आवाज आठवू द्यावा लागला. इतकी वर्षं तिनं तो रंजनाच्या हसण्याखाली दाबून ठेवला होता.

निशानं तो वाचून कळवलं, की फार सॅड आहे, ऐकणारे पळतील. रंजना कंपनीच्या मालकीची होती. त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतलं. ट्रकची धडक, दोन मिनिटांचं संगीत, आणि भाची रिक्षाची चावी उचलते. पुढची मालिका लिहायला कल्पितानं नकार दिला.

आपला भाग तिनं आईला वाचून दाखवला. गंगुबाईनं असा हंबरडा फोडला, की शेजारची बाई धावत आली. गंगुबाई लेकीला विचारत होती, “माजी पोरगी कुटं गेली गं?” कल्पितानं तिला घट्ट धरून ठेवलं.

त्याच्या पुढच्या रविवारीही ती गेली. आईनं चहा ठेवला. दोघी समोरासमोर बसल्या. कारखान्याचं झालं, भाजीच्या भावाचं झालं, मग बोलायला काही उरेना. इतकी वर्षं दोघींच्या मध्ये तिसरी बसायची, बोलायची तीच. गंगुबाईनं पदरानं कप पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाली, “जेवून जा.”